बाळंतिणीने मागितलेली खोली

गिरण्या चालू होत्या तोवर डिलाईल रोडवरची आमची खोली दिवसातले काही तास तरी बायकांची असे. संपाने ते तास काढून घेतले. वडील साचेखात्यात मागावर, मी बदली कामगार. दोघेही घरी बसलो आणि त्याच काळात माझी पत्नी बाळंत झाली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण तिचे वडीलही संपातच. चिंचपोकळीची खोली बंद करून ते सारे कोकणात गावी गेले होते.

पडद्याच्या एका बाजूला ती आणि मुलगी, दुसऱ्या बाजूला आम्ही. ती मुलीला पाजत असे, पण तिच्याकडे पाहत नसे. मूल निजले तरी हिला झोप नसे. डोळे भरून आले की माझी आई म्हणे, "रडू नको गो. बाळंतीण रडली काय दूध आटता." मीही तेच म्हणे आणि तिला एकटे वाटू नये म्हणून दिवसभर पडद्यापाशी बसून राही. माझ्या लेखी ती माया होती.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, थोडा वेळ सगळे बाहेर जाता का? हिलाही न्या."

"पोरीक पण?" आई चकित झाली.

मला आधी राग आला, मग लाज वाटली. बाळंत झाल्यापासून तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. दाराला कडी लावायची नाही, एवढे कबूल करून घेऊन मी मुलीला उचलले.

गॅलरीत आम्हाला पाहून शेजारीण हसली. "काय मावशी, बाळंतीण पण संपावर गेली काय?"

"तुझ्या घोवाक इचार, तो कधी कामार जातलो ता!" आई फटकन म्हणाली.

तेवढ्यात आतून रडणे ऐकू आले, मोठ्याने, न आवरता. आई दाराकडे वळली. सुनेविषयी कधी अवाक्षर न काढणाऱ्या वडिलांनी तिला अडवले. "रडांदे तिका."

"आणि दूध?"

"आटला तर वरचा देऊ."

बऱ्याच वेळाने तिनेच दार उघडले. "मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही हो. माझ्या हातून हिला काही होईल, याचीच भीती वाटते. मी वाईट आई आहे का?"

असे बोलू नये, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "उद्या डॉक्टरांना विचारू." त्या रात्री मुलगी माझ्या आईच्या कुशीत निजली.

परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी झोपेचे विचारले, माहेरचे विचारले, घरात कमावते कोण ते विचारले, पूर्वी कधी असे उदास वाटले होते का तेही विचारले. कोणत्याच उत्तराचे त्यांना आश्चर्य वाटले नाही. "हा आजार आहे. पुष्कळ जणींना होतो आणि बरा होतो."

"म्हणजे बाधा नाय?" आईने विचारले.

"नाही, आजी. आणि हिचा दोषही नाही."

औषध सुरू झाले. तिची आई गावाहून आली. रोज दुपारी वडील आणि मी कुणी न सांगता खाली उतरू लागलो. तरी तिला बरे वाटायला काही महिने गेले. मधले कित्येक दिवस पुन्हा पहिल्यासारखेच वाटत.

मग एका सकाळी मी मुलीला मांडीवर घेऊन बसलो असता पडद्यामागून ती तरातरा आली. "टोपी डोळ्यांवर आलीय तिच्या, दिसत नाही का तुम्हाला? द्या तिला इकडे."

मी दिली.