उर्मिलाचे देव पाण्यात

आमच्या मजल्यावर कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई कोण, तर उर्मिला पेडणेकर. लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्यांची देठं खुडून तिने संसार केला. नवरा गेला तेव्हा लेक ऋता शाळेत होती. दीर गावाहून आला आणि खोली विकायच्या गोष्टी करायला लागला, तर हिने त्याला दारातच उभा केला. "भावजी, चहा घ्या आणि संध्याकाळची गाडी पकडा," म्हणाली. माणूस परत फिरकला नाही. अशी बाई! पण आकाशात काही उडायचं म्हटलं, की तिचे हातपाय गळतात.

कारण ऋता. बंगळूरच्या एका छोट्या कंपनीत पोरगी उपग्रह बनवते. मला वाटलं होतं केवढं धूड असेल. फोटो दाखवला तर शिवणयंत्राच्या खोक्याएवढा डबा! "एवढ्याशा डब्यासाठी घरदार सोडलंस होय गं?" मी म्हटलं. तर हसून म्हणाली, "मावशी, त्या डब्यात माझी सगळी उमेद आहे."

पहिला डबा परदेशातल्या कुठल्याशा रॉकेटवरून गेला. गेला कसला, रॉकेटसकट समुद्रात पडला. त्यानंतर ऋता घरी आली ती बोलेचना. वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर तशीच. फोन बंद करून कपाटात टाकलेला. दिवसभर गॅलरीच्या कठड्याला रेलून खाली बघत राहायची, आणि आमचा तिसरा मजला. उर्मिला काम सोडून घरी बसली. आंघोळीला जायचं तरी मला हाक मारायची, "कांताताई, जरा इथे उभ्या राहा हो." मी उभी राहायची. कशाला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण आमच्या दोघींची पाचावर धारण बसली होती.

मग हळूहळू पोरगी सावरली, परत गेली, आणि दुसरा डबा बनवायला घेतला. धन्य आहे बाई!

तो दुसरा आता उडायचा होता. या वेळी आपल्याच देशातून, आंध्रच्या किनाऱ्यावरून. आदल्या दिवशीच उर्मिलाने देव्हाऱ्यातले देव काढून पितळी पातेल्यात पाण्यात बुडवले. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गावच्या देवीचा टाक, सगळे. मनातलं काम झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

मला कुठलं गप्प बसवतंय! "अगं, त्या बाळकृष्णाला सर्दी होईल," मी म्हटलं. "रॉकेट उडवायचंय की देवांना पोहायला शिकवायचंय?"

फोनवर ऋताही हसली होती. "आई, इथे एवढे इंजिनिअर बसलेत. तुझ्या पातेल्यावर चालतं का ते?"

"तू तुझं काम कर, मी माझं करते," उर्मिला म्हणाली.

सकाळी टीव्हीवर उलटी मोजणी सुरू झाली, तेव्हा ही टीव्हीकडे पाठ करून बसली. माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. "गेलं का हो? वर गेलं का?" एवढंच विचारत होती. गेलं. सरळ वर गेलं. थोड्या वेळाने तिथली साहेबमंडळी टाळ्या वाजवायला लागली, एकमेकांच्या गळ्यात पडली. उपग्रह नीट सुटल्याचं निवेदकाने सांगितलं, आणि उर्मिला हमसून हमसून रडायला लागली.

मग काय विचारता! देव बाहेर काढले, पुसले, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात बसवले. जास्वंद वाहिली. शिरा केला, अख्ख्या मजल्यावर वाटला. मीसुद्धा दोनदा खाल्ला.

दुपारी फोन आला. उर्मिलाने कौतुकाने स्पीकर लावला.

"आई, तो बोलत नाहीये."

"कोण गं?"

"आमचा उपग्रह. रॉकेटने सोडला बरोबर. पण आमच्या अँटेनावरून दोन फेऱ्या झाल्या, आणि त्याने काहीच पाठवलं नाही."

 आवाज असा विझलेला, की मला पुन्हा तो गॅलरीचा कठडा दिसला. उर्मिला देव्हाऱ्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक. फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "कांताताई, मी घाई केली. मीच काढले हो."

मी काही बोलायच्या आत फोनमधून ऋताने विचारलं, "आई, देव पाण्यात आहेत ना गं?"

पातेल्याला हसणारी पोरगी ती!  उर्मिलाने फोनवरचा हात काढला आणि म्हणाली, "आहेत की. काम कुठे झालंय अजून?"

मी उठले. नळ सोडला तर आवाज जाईल, म्हणून पिंपातून तांब्या तांब्याने पातेलं भरलं. जास्वंद बाजूला केली आणि एकेक देव पाण्यात सोडला. पितळ पितळेवर वाजेल म्हणून श्वास रोखून धरला होता. टाक दोनदा निसटला, दोनदा वरच्यावर पकडला. मी, कांता सावंत, जी जन्मभर असल्या गोष्टींची टर उडवत आले!

"काढू नकोस हं," ऋता म्हणत होती.

"नाही काढत. पण तूही फोन बंद करायचा नाहीस. कबूल?"

 तिकडून आलं, "कबूल."

त्या डब्याने अजून तोंड उघडलेलं नाही. ते लोक रोज त्याला हाका मारतात म्हणे. ऋता सकाळ-संध्याकाळ फोन करते, आणि तो वाजेपर्यंत आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसतो. काल संध्याकाळी वाजायला उशीर झाला. दिवे लागले तरी नाही. उर्मिलाने माझं मनगट धरलं. मी पातेल्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, बाळकृष्णा, थोडं सोस रे बाबा.

मग वाजला.

"आई," ऋता म्हणाली, "पाणी बदललंस?"

"बदललं गं," उर्मिला म्हणाली, आणि माझं मनगट सोडलं.