कांद्याच्या सालींचा काढा

भाजीबाजारात तिला सगळे सालवाली म्हणत. लोक कांदे निवडून घेत आणि ही बाई टोपल्यांखाली पडलेली वाळकी सालं पिशवीत भरून नेई. वर भाजीवाल्यालाच दम देई, "ओली सालं घातलीस तर बघ हं!" हिच्या घरी शेळी असावी, अशी त्या बिचाऱ्याची बरीच वर्षं समजूत होती.

शेळी कसली! बाई प्रयोगशाळेत संशोधक. सालींतल्या अँटिऑक्सिडंटमुळे म्हातारपण लांबणीवर पडतं का, हे ती शोधत होती. त्यासाठी तिनं डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे पाळले होते. बशीत पसरलेले जिवाणू खायचे आणि तीनेक आठवड्यांत म्हातारं होऊन मरायचं, एवढाच त्यांचा संसार. सालींचा अर्क दिलेले किडे मात्र जास्त जगले. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. शोधनिबंध छापायला गेला आणि बातमी घरी पोचली.

घरी बाबा. शिलाईचं दुकान कधीच बंद केलेलं, पण जिभेची कात्री शाबूत. "माझ्या लेकीनं म्हातारपणाला वेसण घातली!" असं त्यांनी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जाहीर करून टाकलं. तेवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! रोज सकाळी सालींचा काढा उकळून प्यायला लागले. मग चक्कर येऊन भिंत धरून चालायला लागले. तिला शंका आली, तिनं गादी उचलून पाहिली, तर खाली ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं.

"बाबा, गोळ्या बंद केल्यात? अहो, जीव जाईल ना!"

"काढा घेतोय की."

"तो किड्यांवरचा प्रयोग आहे! तुम्ही काय किडा आहात?"

"डॉक्टर परका, तू माझी. मी कुणावर विश्वास ठेवू?"

तिनं गोळी पुढे केली, तर म्हाताऱ्यानं लहान पोरासारखं तोंड घट्ट मिटलं. समोरचं ताटही सरकवलं. "आणि जेवणाचा आग्रह नको. काढा सुरू केल्यापासून भूकच मेलीय."

तिचा हात तसाच राहिला. भूक मेलीय? मग किड्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी तिनं बशा नीट निरखल्या. अर्काच्या बशांत जिवाणूंचा थर विरविरीत झाला होता. अर्क त्यांना वाढूच देत नव्हता, म्हणजे किडे अर्धपोटी. आणि अर्धपोटी किडे जास्त जगतात, हे तर या कामातलं शेंबडं पोरही जाणतं! तिनं इतकी वर्षं किडे मोजले, त्यांच्या ताटात काय वाढलंय ते बघितलंच नाही. मग सगळ्यांना पोटभर खायला घालून प्रयोग नव्यानं केला. अर्काचे किडे इतरांबरोबरच मेले.

विभागप्रमुख म्हणाले, "अगं, छापून येऊ दे. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी? माझा बाप चक्कर येऊन पडल्यावर?" ती म्हणाली आणि तिनं निबंध मागे घेतला. इतक्या वर्षांची मेहनत स्वतःच्या हातानं पाण्यात घालायला छाती लागते महाराजा! आपल्यातल्या किती जणांना जमेल?

पण बाबांना सांगताना ती छातीही धडधडली. "बाबा, माझं चुकलं. किडे जगले ते उपाशी होते म्हणून. तुमच्या काढ्यात काही नाही."

बाबा उठले. चपला घातल्या आणि भिंत धरत बाहेर पडले. ती घाबरून गोळ्यांचं पाकीट घेऊन मागोमाग धावली. ते थेट न्हाव्याच्या दुकानात. गिऱ्हाइकं बसलेली.

"ऐका रे! मी सांगितलं ते सगळं चूक. सालीत काही नाही."

न्हावी हसला. "म्हणजे लेकीनं नाक कापलं की तुमचं!"

"गप रे! ती चूक जगात कुणालाही दिसली नव्हती. तिनंच शोधली, तिनंच सांगितली. तुझ्या हातून कुणाचा कल्ला वाकडा झाला, तर तू सांगतोस कधी?"

दुकान खो खो हसलं. दारात उभ्या लेकीचे डोळे भरून आले. बाबांनी तिच्यापुढे हात पसरला, गोळी तोंडात टाकली, वर न्हाव्याच्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि गिळली म्हणून तोंड उघडून दाखवलं.

"डॉक्टर अजून परकाच आहे हं," ते म्हणाले. "तू सांगतेस म्हणून घेतोय."