गिटारची मागची बाजू

मैत्रिणींनो, आज धुळ्याला भाचीकडे गेले होते. तिने तिची नवी इलेक्ट्रिक गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मी चकितच झाले. कुठे काही टोचलंच नाही!

ऐंशीच्या दशकात, मी कॉलेजात असताना, जळगावच्या आमच्या गल्लीतल्या सुतारनानांनी मासिकातला फोटो बघून मला अशीच गिटार करून दिली होती. सागवानी, दोन शिंगांची, समोरून हुबेहूब. पण फोटोत मागची बाजू कुठून दिसणार? ती त्यांनी पाटासारखी सपाट ठेवली. कड बरगडीत रुतायची.

मी कुरकुर केली, तर आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पोरी, हाई माणसंसनं काम शे. तुनं नही."

गिटार हे पुरुषांचं काम, माझं नाही; मला ते पटलं. गिटार माळ्यावर गेली आणि मी सासरी मुक्ताईनगरला आले. केळीच्या बागा, पाहुणे, स्वयंपाक. तारांना पुन्हा हात लागला नाही.

आज भाची म्हणाली, "मावशी, सुरुवातीला अशा गिटारींच्या कडा सरळच असायच्या. वाजवणाऱ्यांनी टोचतंय म्हणून तक्रार केली, मग पाठ तासली."

"वाजवणारे कोण गं?"

"तेव्हा? बहुतेक पुरुषच."

आत्ता परतीच्या एसटीत बसून लिहितेय. सहाच्या आत पोचते, असं घरी सांगून निघाले होते.

त्यांनाही टोचत होतं तर! त्यांच्यासाठी लाकूड तासलं. मी मात्र इतकी वर्षं माझ्याच बरगड्यांना दोष देत राहिले. तुम्हीही असं काही सोडून दिलंय का?