अड्याळ रस्त्यावरची बारा मिनिटे

डिसेंबर १९७८. आमच्या फील्ड ॲम्ब्युलन्स कंपनीचा सराव भंडारा जिल्ह्यात, अड्याळजवळ लागला. धान निघून शेतांतल्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार, गाव याच जिल्ह्यातले आसगाव.

जखमीला पडल्या जागेवरून ऑपरेशन टेबलापर्यंत किती वेळात नेता येते, हे तपासायचे होते. रोज सकाळी आठला दहा जवान ‘जखमी’ व्हायचे. पोटाला लाल रंग, छातीवर चिठ्ठी. गावकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बघायचे. शिटी वाजली की ‘मेलेले’ उठून चहाच्या रांगेत लागायचे. धुऱ्यावर हशा पिकायचा.

चौथ्या दिवशी ९.१० ला माझ्या ॲम्ब्युलन्सच्या पुढे असलेली आमची वन-टन गाडी एका बैलगाडीला घासून नाल्यात उलटली. वेग जास्त होता, चूक आमची. म्हातारे बैलगाडीवाले किसन यांची नडगी मोडली. आमचा ड्रायव्हर, शिपाई सुखदेव, याच्या पोटात स्टिअरिंग बसले. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. अंग थंड, नाडी बारीक आणि वेगाने पळणारी.

किसन ओरडत होते. सुखदेव गप्प होता. ट्रेनिंगमधला पहिला धडा असा, की ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. आधी गप्प पडलेल्याकडे जा. ९.१४ ला मी स्ट्रेचर सुखदेवजवळ टेकवले. तीस-चाळीस माणसे आडवी आली.

“बुढ्याची तंगडी लोंबून राहिली अन् तू आपल्या जोडीदाराले उचलतेस?”

“दादा, त्याच्या पोटात रक्त सांडून राहिलं. दोघायलेबी नेतो. पयले त्याले चढवू द्या.”

“कायचं रक्त? आज रंग लावाले इसरले का?”

लोक हसले.

“मी आसगावचा आहो. खोटं कायले सांगू?”

“आसगावचा हायेस तं लाज धर. पयले बुढ्याचा पाय बांध, मंग गाडी हालन.”

ॲम्ब्युलन्सच्या चाकांपुढे दगड लागले. मी वायरलेस घेतला.

“कंट्रोल, दोन कॅज्युअल्टी, एक प्रायॉरिटी वन. रस्ता अडवला आहे. ओव्हर.”

“एक्सरसाइज सीरियल नंबर सांगा. ओव्हर.”

“नो एक्सरसाइज. आय से अगेन, नो एक्सरसाइज.”

मदत निघाली, पण ती वीस मिनिटांवर होती. मी खपच्या काढून किसन यांचा पाय बांधायला बसलो. मागून सुखदेवने विचारले, “उस्ताद, बैल बच गए?”

“बच गए.”



९.२६ ला दगड निघाले. दोघांना घेऊन आम्ही भंडाऱ्याकडे सुटलो. ९.४१ ला सुखदेवची नाडी लागेना. मी छाती दाबत राहिलो. शेजारच्या स्ट्रेचरवरून किसन बघत होते. त्यांचे ओरडणे थांबले होते.

“गेला का जी?”

“हो.”

“लोकायनं माह्यासाठी थांबवलं गा. मी नोको म्हनाले पायजे होतं.”

मी वेळ लिहून घेतली.

युनिटच्या फलकावर लढाईत पडलेल्यांचीच नावे कोरतात. शिपाई सुखदेव, वय तेवीस, त्यांत नाही. त्याला अडवणारे लोक माझीच बोली बोलत होते. मी त्यांना अजून माफ केलेले नाही.