रुमाल टाकून धरलेली जागा

द्रौपदाबाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला, असं त्यांच्या मुलीनं, मृणालीनं, फोनवर सांगितलं तेव्हा ईश्वरभाऊंना घाम फुटला. बोलायचं काय? त्यांना द्रौपदाबाईंबद्दल खरं तर फारसं काहीच माहीत नव्हतं. त्यांचं माहेर कुठलं, तरुणपणी त्या कशा दिसायच्या, कशावरून रागवायच्या, यातलं काहीही नाही. ओळख म्हणावी तर एका सहलीची, नंतरच्या काही फोनची आणि धुळ्यातल्या एका भेटीची. एवढ्यावर माणूस कळला असं म्हणायला ईश्वरभाऊंचं मन धजेना. पण त्या सहलीतली एक दुपार मात्र त्यांच्या मनातून जरासुद्धा पुसली गेली नव्हती.

ईश्वरभाऊ जळगावला मेहरूणमध्ये राहतात. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. बायको उषा गेल्यापासून ते कोणाशी बोलेनासे झाले, म्हणून मुलानं, आकाशनं, परस्पर त्यांचं नाव थायलंडच्या सहलीत घातलं. बुद्धविहार दाखवणारी सहल होती. जळगावच्याच हितेंद्रनं काढलेली, आणि बहुतेक मंडळी जळगाव-धुळ्याकडची. ईश्वरभाऊ गेले, पण सगळ्यांच्या मागून. त्यांची ती जुनीच खोड. एसटी लागली की बाकीचे चढेपर्यंत ते बाजूला उभे राहत आणि मग जळगाव ते भडगाव दांडा धरून जात. उषा त्यावरून आयुष्यभर बोलली.

द्रौपदाबाई धुळ्याच्या देवपुरातल्या. एका दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत, आणि बोलणं अहिराणी. सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोघांत सकाळचा जय भीम आणि चहा झाला का, याच्यापलीकडे काही बोलणं झालं नव्हतं.

बँकॉकमधला तो निजलेला मोठा बुद्ध सगळ्यांनी पाहिला, त्या दिवशी द्रौपदाबाई तापानं हॉटेलातच पडून होत्या. शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती. मंडळी बाजाराला निघाली, आणि संध्याकाळी पाचला विमानतळाची गाडी सुटणार होती. द्रौपदाबाई हितेंद्रला म्हणाल्या, मला ते दर्शन करायचं आहे, कसंही कर. हितेंद्र म्हणाला, अक्का, आता गाडी नाही, मला बाकीच्यांना सोडून येता येत नाही. त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. बाईंनी तो बोटानं मोठा केला, सरकवला, परत दिला.

"ह्या फोटूत बी पाय नहीत," त्या म्हणाल्या.

म्हणजे काय ते कोणाला कळलं नाही. कोणीतरी हसलंही. द्रौपदाबाई सोफ्यावर जाऊन बसल्या आणि मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिल्या. तेव्हा कोपऱ्यातून ईश्वरभाऊंनी म्हटलं, "मी जातो सोबत." म्हटलं, आणि त्यांचं त्यांनाच धस्स झालं. ते आयुष्यात कधी कोणाला घेऊन कुठं गेले नव्हते. उषाच त्यांना घेऊन जायची.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं सगळं समजावलं. उंचावरून जाणारी रेल्वे, मग नदीवरची बोट. उतरायच्या स्टेशनाचं नाव तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी, हॉटेलचं कार्ड आणि फोन असं सगळं ईश्वरभाऊंनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर हात दाबून धरला. द्रौपदाबाईंचा फोन त्या देशात चालत नव्हता, तो खोलीतच राहिला.

तिकिटाच्या यंत्राशी ते बराच वेळ झटले. शेवटी एका शाळकरी पोरीनं हसत बटणं दाबून दिली. वर फलाटावर माणसं जमिनीवरच्या बाणांच्या दोन्ही बाजूंना मुकाट्यानं रांग लावून उभी होती. कोणी ढकलत नव्हतं, कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. द्रौपदाबाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, असं उभं राहून कोणाला जागा मिळते?

गाडी आली. दार उघडलं, आतले उतरायला लागले, आणि ईश्वरभाऊंना काही कळायच्या आत द्रौपदाबाई उतरणाऱ्यांच्या काखेखालून आत शिरल्या. कमरेचा मोठा चौकड्यांचा रुमाल त्यांनी दोन हात अंतरावरून नेमका रिकाम्या जागेवर टाकला, शेजारी स्वतः बसल्या आणि दाराकडे वळून म्हणाल्या, या भाऊ, जागा धरली.

ईश्वरभाऊ बाहेरच होते. एका बाईची बाबागाडी होती, तिला त्यांनी आधी जाऊ दिलं. मग दोन पोरं, मग एक म्हातारा. तेवढ्यात पिपाणीसारखा आवाज झाला आणि दार मिटलं. ईश्वरभाऊंनी हात उचलून दारावर दोन थापा मारल्या, एसटी निघाली की आपण पत्र्यावर मारतो तशा. पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली, हात दाखवून त्यांना मागं सारलं. काचेमागं द्रौपदाबाई उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. तोंड हलत होतं. आणि गाडी गेली.

बाईंजवळ ना पत्ता, ना फोन, ना इथली भाषा. आपण जातो म्हटलं नसतं तर त्या हॉटेलात सुखरूप बसल्या असत्या. जावं की थांबावं? स्टँडवर चुकामूक झाली तर आहे तिथंच थांबायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते थांबले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मग त्यांच्या ध्यानात आलं की परतीची गाडी पलीकडच्या फलाटाला लागते आणि बाईंना ते कळायचं नाही. तिसऱ्या गाडीत मात्र ते कोणालाही वाट न देता शिरले. कोणाच्या तरी पायावर पाय पडला. माफी मागायचंही सुचलं नाही.

दाराच्या काचेला नाक लावून ते उभे राहिले. पुढचं स्टेशन आलं, आणि दार उघडलं तर समोर, अगदी बाणाच्या टोकावर, द्रौपदाबाई उभ्या. पिशवी पोटाशी धरलेली. प्रत्येक गाडीला त्या तिथंच उभ्या राहून आत डोकावत होत्या.

ईश्वरभाऊ उतरले. बाईंनीच सांगितलं, मी आत ओरडले, थांबवा, माणूस राहिला, पण घंटीची दोरी नाही, कंडक्टर नाही, कोणाला सांगू? म्हणून दार उघडलं तशी उतरले.

"आणि मी आलोच नसतो तर?" ईश्वरभाऊ म्हणाले.

"कसे येणार नहीत? तुम्हीच म्हणाले ना, जातो सोबत."

असं त्यांच्या भरवशावर कधी कोणी उभं राहिलं नव्हतं. तेवढ्यात द्रौपदाबाईंचा हात कमरेला गेला आणि तिथंच थांबला. रुमाल गाडीत राहिला होता.

तो रुमाल त्यांच्या मालकांचा, गुलाबरावांचा. हे त्यांनी लगेच नाही सांगितलं. पण चेहरा असा झाला की ईश्वरभाऊ म्हणाले, खाली ऑफिस असेल, विचारू या. बाईंनी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला गाडी होती.

"मंग दर्शन राही जाई," त्या म्हणाल्या. "चला."

पुढच्या गाडीत त्यांनी ईश्वरभाऊंची बाही धरून त्यांना आधी आत ढकललं. बोटीवर कंडक्टरबाई हातातली तिकिटांची पत्र्याची नळी खुळखुळवत आली, तेव्हा द्रौपदाबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, पूर्वी आपल्याकडचे कंडक्टर पंच असाच वाजवत यायचे. मग नदीकडे बघत त्यांनी थोडं सांगितलं. गुलाबरावांचा एक पाय लहानपणापासून आखूड. गर्दीत चढणं त्यांना जमायचं नाही. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापासून बाई पुढं घुसायच्या, त्यांचा रुमाल टाकून जागा धरायच्या, आणि ते सावकाश मागून यायचे. लोक गुलाबरावांना चिडवायचे, की तुमची बायको म्हणजे रिझर्व्हेशनची खिडकी. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट कौतुकच वाटायचं.

बुद्ध ज्या दालनात निजला आहे तिथं मोठमोठे खांब आहेत. सगळी मूर्ती एकदम दिसत नाही. डोक्याकडून शिरून चालत चालत पायांकडे जावं लागतं. द्रौपदाबाई चेहऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, हात जोडले आणि भराभर पुढं निघाल्या. पायांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. तळवे माणसाच्या डोक्याहून उंच, काळे, शिंपल्यांची नक्षी जडवलेले. सगळी बोटं एकसारखी. कठड्यामुळे हात पोचत नव्हता. बाईंनी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

शेवटी त्यांनी सांगितलं. गुलाबराव वर्षभर अंथरुणाला खिळून होते. समोरच्या भिंतीवर याच बुद्धाचं कॅलेंडर होतं. ते बघता यावं म्हणून ते उजव्या कुशीवर पडून राहायचे. पण चित्रात गुडघ्यापर्यंतच बुद्ध होता, पुढं तारखा. गुलाबराव विचारायचे, द्रौपदा, पाय कसे असतील गं?

"दोन्ही पाय सारखेच, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज तोच, खणखणीत. "एकावर एक. बोटभर बी कमी-जास्त नहीत."

ईश्वरभाऊंनी आपला रुमाल काढून दिला. साधा पांढरा होता. बाईंनी डोळे पुसले आणि तो कमरेला खोचून टाकला. परत देण्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मागण्याचं धाडस ईश्वरभाऊंना झालं नाही.

हॉटेलात पोचायला थोडा उशीर झालाच. गाडीतले सगळे वैतागलेले होते. कोणीतरी म्हणालं, ईश्वरभाऊ, छुपे रुस्तम निघालात. हितेंद्र रागवला.

त्यानंतर अधूनमधून फोन व्हायचे. पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, असलंच बोलणं. गेल्या हिवाळ्यात ईश्वरभाऊ भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेले तेव्हा देवपुरात त्यांच्या घरी जाऊन आले. बाई फार थकल्या होत्या. तरी नको नको म्हणताना रिक्षा करून स्टँडपर्यंत आल्या. जळगावची गाडी लागली आणि गर्दी उसळली. ईश्वरभाऊ सवयीनं बाजूला झाले. द्रौपदाबाईंना आता घुसवत नव्हतं. त्यांनी कमरेचा पांढरा रुमाल काढला, खिडकीतल्या एका मुलीला हाक मारून आत दिला आणि सांगितलं, बाई, त्या जागेवर ठेव, आमचा माणूस येतो आहे.

ईश्वरभाऊ सावकाश चढले, रुमाल उचलून बसले. खिडकीखाली द्रौपदाबाई मान वर करून उभ्या होत्या.

"जागा भेटनी ना?"

"भेटली. हा घ्या तुमचा रुमाल."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पुढला टाइमले येताना संगे लई या."