आईचं मणिपूर चक्र

मी लातुरात विम्याचे दावे तपासतो. समोरचा माणूस खरं बोलत असला, तरी तो खरं का बोलतोय, असा प्रश्न मला पडतो. बायको म्हणते, देवानं हातात प्रसाद ठेवला तरी हा पुडी सोडून बघेल. त्यामुळे नांदेडहून आईनं फोनवर सांगितलं, की कॉलनीतल्या योगवर्गात तिचं मणिपूर चक्र जागं झालंय, तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. मी आधी फी विचारली. फी घेत नाहीत म्हणाली. मग तर माझी खात्रीच पटली, की इथं काहीतरी काळंबेरं आहे.

वडील गेल्यापासून आई नांदेडच्या घरात एकटी राहते. मूळची बिलोलीकडच्या खेड्यातली, जन्मभर शेतात राबलेली. कॉलनीतल्या बायकांत ती कधी मिसळली नाही आणि त्यांनीही तिला फारसं विचारलं नाही. लातूरला चल म्हटलं तर ऐकत नाही. त्यात तिला शुगर. योगवर्गाला जा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून मला उघड विरोधही करता येईना. शनिवारी संध्याकाळी मी नांदेड गाठलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मागोमाग मंदिराच्या सभामंडपात जाऊन बसलो.

योगगुरू म्हणजे पांढऱ्या झब्ब्यातले एक निवृत्त गृहस्थ. मागे सात कमळांचा फ्लेक्स टांगलेला. आठवड्याला एक चक्र, असा त्यांचा बेत होता आणि सध्या नाभीचं चालू होतं. बेंबीवर हात ठेवा, पिवळं कमळ डोळ्यांपुढं आणा, मनात ‘रं’ म्हणा, असं सांगून त्यांनी बराच वेळ कपालभाती करून घेतली. मला कमळ काही दिसलं नाही. उपाशीपोटी पोहे मात्र स्वच्छ दिसले.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या आईचे हात थरथरायला लागले. मग खांदे. कपाळावर घाम फुटला, नजर हरवली आणि ती काहीतरी पुटपुटू लागली. योगगुरू हळूच म्हणाले, नाभीतला अग्नी चेतलाय, कुणी हात लावू नका. पण बायका त्यांचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांच्या लेखी माहूरची आई अंगात आली होती. कुणी हळदकुंकू लावलं, कुणी ओटी भरली, कुणी लेकीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारलं. एकीनं प्रसाद म्हणून तोंडात खोबरं आणि चांगली मूठभर साखर घातली. थोड्या वेळानं आई शांत झाली. देवी तृप्त झाली, असं सगळ्यांनी ठरवलं. आज एवढं पुरे, म्हणून योगगुरूंनी वर्ग संपवला.

हे नाटक आहे, असं मला आधी वाटलं. आईबद्दल असं वाटावं याची लाज वाटली, पण वाटलं हे खरं. माझ्यासमोर याहून छान लंगडणारे लोक येऊन गेलेत. फक्त तिचं पोलकं पाठीवर चिंब भिजलं होतं, आणि घामाचं सोंग आणता येत नाही. घरी येताना माझा संशय योगगुरूंवरून उठला आणि तिला शांत करणाऱ्या त्या साखरेवर जाऊन बसला.

शुगरची गोळी कधी घेतेस, असं मी विचारलं. पहाटे तोंड धुतलं की लगेच, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी जेवणाआधी घ्या म्हणून सांगितलं होतं. आणि जेवण? वर्ग, मग अंघोळ, मग पूजा. नैवेद्य दाखवल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. म्हणजे पोटात गोळी, वर कपालभाती आणि अन्नाचा कण नाही.

सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. शुगर उतरतेय, म्हणाले. एखाद्या दिवशी साखर घालणारं कुणी जवळ नसलं तर या बेशुद्ध पडतील, आणि घरात एकट्या असतात. यापुढं आधी खायचं, खाताना गोळी घ्यायची, मग वर्ग. बोट टोचून शुगर बघायचं मशीन मी येतानाच विकत घेतलं.

घरी आल्यावर आईनं ते मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“म्हंजी देवी न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई माय. शुगर हाय.”

“पहिल्या येळी अंगात आलं तवापासून त्या बाया घरी येऊन राहिल्यात. कुणी डबा आणतंय, कुणी आपलं दुखणं सांगून बसतंय. तुझे बाबा गेल्यापासून ह्या घरात कुणी चहा पिलं नव्हतं.”

जीव महत्त्वाचा, असं काहीतरी म्हणालो. ती मान डोलवून ‘हाव’ म्हणाली. त्या हाववर माझा भरवसा बसेना, म्हणून मी रजा वाढवली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याआधी खाल्ल्याबद्दल तिनं देवाला हात जोडले आणि माझ्यासमोर दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, गोळी घेतली. आम्ही वर्गाला गेलो. योगगुरूंनी पुन्हा नाभीवर हात ठेवायला सांगितलं. कपालभाती सुरू झाली आणि आई थरथरायला लागली.

मी खिशातलं मशीन काढलं. पदराआड तिचा हात ओढून मी बोट टोचलं. मशीनवरचा आकडा उत्तम होता. तळहात कोरडा होता, कपाळ कोरडं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे जरा जास्तच घट्ट मिटलेले.

बायका जमल्या. लेकीच्या लग्नाचं विचारणारी बाई हातात साखर घेऊन पुढं आली आणि मलाच विचारू लागली, “आई आलीय का हो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, योगगुरूसुद्धा. पदराखाली आईनं माझं बोट गच्च धरलं.

“हाव, आलीय,” मी म्हणालो. “पण साखर नको. नुसतं खोबरं द्या.”