काट्यावरची शाबासकी

रोह्याच्या घरात आम्ही दोघी जावा एका दारातून एका वेळी जाऊ शकत नव्हतो. भांडण नव्हतं, जागा पुरायची नाही. थोरली अंगाने भरलेली, आणि मी तिच्याहून भरलेली. धाकटी होते ती फक्त वयाने. नातवंडांना तेव्हाचा फोटो दाखवला की ती विचारतात, पणजी कुठंय? सासूबाई माझ्या मागे उभ्या आहेत.

थोरली पेणच्या पलीकडची, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. पोरवयात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेली. जेवण झालं की तिला पोटात वरच्या बाजूला दुखायचं, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली. मी गुडघे घेऊन सोबत. डॉक्टर भला माणूस, हाताला गुण असलेला. पण आमच्यासारखी बाई दारात दिसली की त्यांचं बोट आधी वजनकाट्याकडे जायचं. त्यांनी दोघींना त्यावर चढवलं आणि बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असा आकडा वाचला. दोघींना उपायही एकच सांगितला. तेल कमी, मीठ कमी, वजन उतरवा. दुखणं आपोआप जाईल.

बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "माझ्या बापाचं मिठागर हाय, नि हा मला मीठ कमी कर सांगतो."

मी मात्र मनाशी ठरवलं, हिच्याआधी आपण बारीक व्हायचं. काय ती माझी जिद्द! सकाळी सगळ्यांना दाखवून बिनसाखरेचा चहा प्यायचा, आणि दुपारी घर लवंडलं की फळीवरचा डबा उतरवायचा. त्यात नवल नाही, माझं वजन तसूभर हललं नाही.

थोरलीचं हललं. तिने आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. आमच्याकडे बाईने जेवायचं नाही म्हटलं तर कारण कोणी विचारत नाही, वार विचारतात. उपासाची खिचडीसुद्धा ती पानात चिवडून ठेवायला लागली, तेव्हा सासूबाईंनी शेजारी कौतुकाने सांगितलं की थोरलीचं व्रत फार कडक. तिच्या पोलक्यांना आतून टिपा मी घातल्या, आणि दर टिपेला जळले.

पेणला माझ्या माहेरी पापडांचा घाट घातला होता, तिथून मी लाट्या घेऊन आले. कच्च्या पापडाची लाटी तेलात बुडवून खायची, यासाठी थोरली एरवी माझ्या हातावर चापट मारून डबा ओढायची. त्या दिवशी वारही कुठला नव्हता. तिने डब्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, मोठी आली बारीक होणारी. तिच्या वाटणीच्याही मी खाल्ल्या.

पुढल्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना रस्त्यात तिने मला सांगितलं, "धाकटे, घास खाली उतरत नाय गो. छातीशी बसतो. मग सगळं वर येतं."

मी म्हटलं, मला काय सांगता वयनी, डॉक्टरांना सांगा. ती व्हय म्हणाली. उरलेला रस्ता ती तेच वाक्य पुटपुटत होती.

डॉक्टरांनी तिला काट्यावर चढवलं आणि खूश होऊन मान हलवली. "शाब्बास! याला म्हणतात मनावर घेणं." मग माझ्याकडे वळून, "जावेकडून शिका जरा."

शिकल्यासवरल्या माणसाने तिला आजवर शाबासकी दिली नव्हती. ती लाजली, पदर सारखा केला. त्रास काही, असं त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाय. बरं हाय."

शेजारी मी होतेच की. पण पुढचा नंबर माझा, म्हणून बांगड्या काढून, पोट आत ओढून, श्वास धरून उभी होते. आणि बोलायला श्वास लागतो.

दिवाळीनंतर तिला पाणीही उतरेना. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे पोट उघडलं, गाठ पाहिली आणि पुन्हा शिवून टाकलं. घरी न्या, म्हणाले.

आमचे डॉक्टर न बोलावता घरी आले. थोरली गोधडीखाली आहे की नाही, हे चाचपून पाहावं लागेल अशी झाली होती. तिने डोळे उघडले. "डॉक्टर, आता किती उतरलं असंल?"

ते तिच्या उशाशी बसले. त्यांनी विचारलं, काय खावंसं वाटतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "लाटी."

बोटाच्या पेराएवढी लाटी मी तेलात बुडवून तिच्या जिभेवर ठेवली. तिने ती तोंडात घोळवली, डोळे मिटून चव घेतली, आणि माझ्या तळहातावर परत काढून दिली. "मीठ बरोबर हाय," म्हणाली.

ती गेल्यावर गुडघ्यांनी मला पुन्हा त्या दवाखान्यात नेलं. सवयीने चपला, बांगड्या काढून मी काट्यावर चढले. डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. खाली उतरा, म्हणाले, इथे बसा. मग हातातली लेखणी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जेवण जातं का?"

"जातं," मी म्हणाले. इतक्या हळू, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.